भरदुपारची गोष्ट आणि वाट चुकलेले मामा

"एका महिन्यात शाळा अशी भरवतो का नाही, की पोट्टे खिडकीत बसतीन! नाही बसले तर नावाचा जानराव गावंडे नाही!"

अशी घोषणा जानराव मास्तरांनी शेलूबाजारच्या भर बाजारात, गुलाम नबीच्या दमणीत, म्हणजे सवारीच्या बैलगाडीत, उभं राहून केली. दमणी हलत होती, त्यामुळे मास्तरही हलत होते. पण निश्चय अगदी पक्का होता.

गुलाम नबीनं बैलांच्या शेपटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेले खिडकी कुठं हाय?"

खिडकी खरंच नव्हती. एक दार होतं, तेही अर्धं.

"करून घेऊ!" ते म्हणाले आणि खाली बसले.

गुलाम नबी हा शेलूबाजार ते जऊळका टेशन अशी सवारी नेणारा माणूस. जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं. बैलजोडी नुकतीच, मास्तरांची शाळा असलेल्या बंजारा तांड्याच्या नायकाकडून, गुलाबसिंगाकडून, घेतलेली. बैल देखणे होते, पण गुलाम नबीला जरा डुलकी लागली की ते आपले तांड्याकडे वळत. नव्या सुनेला माहेर आठवावं तसं त्यांना गव्हाण आठवे. मास्तर आठवड्यातून एकदा याच दमणीतून बाजाराला येत. मीठ-मिरची आणायचं निमित्त. खरं कारण म्हणजे त्या अख्ख्या मुलखात मास्तरांशी दोन शब्द बोलणारा हा एकच इसम होता.

तांडा शेलूबाजारापासून बैलगाडीच्या वाटेवर, माळावर. ते दिवस एकोणीसशे पस्तीसच्या आगेमागे. लोकल बोर्डानं तिथं शाळा काढली होती आणि शाळेला लागून मास्तरांची खोली. शाळेत पोरं येत नसत, खोलीत माणसं येत नसत. असा एकूण कारभार! पोरं गुरांमागं जात. मोठी माणसं मास्तर दिसले की "राम राम" म्हणत आणि चालू लागत. साहेबांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाशी पुढं काय बोलावं, हे त्यांना सुचत नसे. मास्तरांनाही सुचत नसे. मग दोन्हीकडून राम राम होऊन प्रकरण मिटे.

संध्याकाळ झाली की तांड्यात घरोघर चुली पेटत, हाका सुरू होत. कुणाची आई कुणाला बोलावतेय, कुणाची बहीण कुणावर ओरडतेय. मास्तर आपल्या खोलीत कंदिलाची काच पुसत बसत. त्यांना हाक मारणारं कुणीच नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, बहीणभाऊ नव्हतेच, आणि बायको लग्नानंतर दुसऱ्याच साली पटकीनं गेली. मग मास्तर कंदिलाशी बोलत. "आज भाजीत मीठ जास्त पडलं का हो?" असं विचारत. कंदील भुरभुरला की "पडलं" असं समजत. इतकं एकटेपण माणसाला बरं नाही, हे मास्तरांना कळत होतं. पण ते सांगायचं कुणाला? कंदिलाला आधीच माहीत होतं.

कंदिलाखेरीज त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. कारंज्याच्या एका किराणा दुकानात पुड्या बांधायला ठेवलेल्या रद्दीतून त्यांनी ते वाचवलं होतं. पहिली पानं गेलेली, म्हणून पुस्तकाचं नाव माहीत नाही. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली, म्हणून शेवट माहीत नाही. पण मधलं जे होतं ते अस्सं होतं, की वाचताना चुलीवरचा भात करपावा! मणिध्वज नावाचा राजपुत्र, त्याचा एकाच पंखाचा घोडा (एकाच पंखावर उडत असल्यामुळे हा घोडा गरगर फिरून परत निघाला तिथंच उतरे) आणि ते भयंकर विसरनगर! विसरनगरात पाऊल टाकणारा माणूस स्वतःचं नाव विसरतो. बाहेरून कुणी त्याला हाक मारली तरच सुटतो. राजपुत्र त्या नगरात अडकला आहे, त्याला कोण हाक मारणार, अशा ऐन ठिकाणी वाळवीचं जेवण सुरू झालं होतं. मास्तर ते पुस्तक रोज मोठ्यानं वाचत. एकट्यानंच.

आता झालं होतं असं, की मागच्या तपासणीत शाळेत मोजायलाही पोरं सापडली नव्हती. डिप्टी साहेबांनी टोपीनं वारा घेत बजावलं होतं, "गावंडे, दिवाळीआधी पुन्हा येईन. शाळा अशीच रिकामी दिसली तर बंद करतो आणि तुम्हाला पार मेळघाटात पाठवतो!" मेळघाटात तर गुलाम नबीही नव्हता. तेव्हा मास्तरांनी ठरवलं, तेच पुस्तक शाळेत वाचायचं. क्रमिक पुस्तकातल्या "गाय हा उपयुक्त प्राणी आहे" या वाक्यासाठी कोणता पोरगा खरी गाय सोडून शाळेत येईल? पण एकपंखी घोड्यासाठी येईल! नक्की येईल!

दुसऱ्या दिवशी शाळेत कशीबशी जी मूठभर पोरं जमली होती त्यांच्यासमोर मास्तरांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि आवाज लावला, "'तो काळोख असा घोर होता, की हात पुढे करावा तर हात माघारी येण्यास राजी होईना!'"

वर पाहतात तो काय! सगळ्या पोरांनी कानात बोटं घातलेली! एकानं तर डोळेही मिटून घेतले होते.

"अरे, काय झालं?"

कमलीबाईचा लालसिंग हा त्यातला धीट. त्यानं एका कानातलं बोट काढलं. "गुर्जी, दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकते."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ही समजूत त्यांच्याही आजीची होती. गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतर. दिवसाउजेडी सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा रस्ता चुकतो! पण मास्तर मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास होते. नॉर्मल पास माणसानं मामाला किती भ्यावं?

"ही गोष्ट नाही. हा पाठ आहे!" मास्तर म्हणाले.

"मंग पाठात घोडा उडते कसा?"

"पाठातही उडतो. वरच्या इयत्तेत सगळं उडतं!"

पोरांनी डोकी जवळ आणली. कुजबुज झाली. मग लालसिंगानं निवाडा सांगितला, "गुर्जी, आमी हुंकारा देनार नाई. हुंकारा देल्ला का गोष्ट होते. नाई देल्ला तं पाठ."

"मंजूर!" मास्तर म्हणाले.

आणि वाचन सुरू झालं. पोरं ओठ घट्ट आवळून ऐकू लागली. घोडा उडाला, घिरट्या घेऊ लागला, राजपुत्राचा हात सुटला, खाली काचेसारखी धारदार दरी, आणि राजपुत्र पडला…

"हूं!"

लालसिंगाच्या तोंडून निसटलंच! त्यानं चटकन तोंडावर हात दाबला. बाकीची पोरं त्याच्याकडे अशी पाहू लागली, जणू त्यानं मामाला स्वतःच्या हातानं विहिरीत ढकललं.

मास्तर वाचता वाचता थांबले. इतकी वर्षं ते हे पुस्तक मोठ्यानं वाचत होते, पण कुणी "हूं" म्हटलं नव्हतं. कंदील भुरभुरे, पण भुरभुरणं वेगळं आणि हुंकारा वेगळा. त्यांना एकदम भरून आलं. खरं तर तिथंच पोराला दटावून पाठ पुढं न्यायचा. पण मास्तर हळूच म्हणाले, "असू दे. एखादा दिला तर चालतो."

झालं! इथंच मास्तरांचा पाय घसरला. एखादा म्हणता म्हणता सगळ्या वर्गाचा हुंकारा सुरू झाला आणि तोही असा, की माळावरची गुरं माना वर करून पाहू लागली. हुंकारा ऐकून गुराखी पोरंही आत शिरली. आठ-दहा दिवसांत शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही. पुढची ओळ मास्तरांआधी कळावी म्हणून पोरं अक्षरांवर बोट ठेवून पुस्तकात डोकी घालू लागली. ज्या लालसिंगाला काल 'क' आणि 'फ' सारखेच दिसत, तो "म-णि-ध्व-ज" असं फोडून वाचू लागला. मास्तर मनातल्या मनात खिडकीला जागा शोधू लागले.

आणि सोमला वाट चुकला!

सोमला म्हणजे कमलीबाईचा भाऊ, लालसिंगाचा सख्खा मामा. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून बहिणीला भेटायला निघालेला हा गडी दोन दिवस उशिरा आला, आणि आला तो भलत्याच दिशेनं. चालताना एक पाय पूर्वेला पडत होता आणि दुसरा त्याची वाट पाहत होता. अंगाला मोहाच्या दारूचा असा वास, की माश्यासुद्धा बेतानं उडत होत्या.

"काहून रे इतका येळ?" कमलीबाईनं विचारलं.

"वाट चुकलो व बाई! काय सांगू! पाय इकडं टाकला का तिकडं पडे!"

तिच्यामागं उभ्या लालसिंगाचा चेहरा पांढरा पडला. "माय," तो रडवेला होऊन म्हणाला, "गुर्जी दिवसा गोष्ट वाचून राह्यले होते. म्या हुंकारा देल्ला."

सोमलाला तर देवच पावला! "मंग! मी म्हनतोच का, भर दोपारी माहे पाय एकदम फिरले कसे!"

बातमी तांडाभर पसरली, आणि पुरुषमंडळींना असा काही मार्ग सापडला, की तो दाखवणाऱ्या मास्तरांच्या पाया पडावं! प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा मामा असतोच. जो तो उशिरा येऊ लागला आणि "मास्तर वाचून राह्यला होता ना" म्हणू लागला. नायकाचा मेहुणा बकरी घेऊन बाजारात गेला आणि बकरीशिवायच परतला. "बकरी कुठं हाय?" "तिचा बी कोनी भाचा असन! तिबी चुकली!" इतकंच काय, एका सकाळी गुलाम नबी चिखलानं माखून मास्तरांच्या दारात उभा!

"मास्तर, माही भांजी हलिमा कारंज्याले राह्यते. काल माही दमणी नाल्यात गेली. काल कोनता अध्याय होता?"

"अहो गुलामभाई, तुम्हाला डुलकी लागली असेल!"

"डुलकी रोजच लागते. नाल्यात कालच गेलो!"



त्याच दुपारी कमलीबाई शाळेत आली. आली म्हणजे धडकलीच! हातभर घातलेल्या बलोयांचा, त्या बंजारा बांगड्यांचा, खणखणाट ऐकूनच पुढच्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत गेली.

"मास्तर! आमचे मानसं रानावनातून येतेत, अंधारातून येतेत. तुमी आमच्या भावाईच्या वाटा काहून बिघडवून राह्यले?"

"कमलीबाई, वाट पायानं चुकते, पुस्तकानं नाही. तुमचा भाऊ प्यालेला होता!"

"तो तं नेहमीच पेते! पन घरी येते!"

मास्तरांचं प्रमाण मराठी इथं संपलं. "अव बाई, हे समदं खोटं हाय! माह्या आजीनं मले बी सांगतलं होतं. कुठं कोनी चुकलं?"

"तुमाले बहीन हाय?" कमलीबाईनं विचारलं.

"नाही."

"भाऊ?"

"नाही."

"मंग भाचा नाई, भाची नाई. तुमी कोनाचेच मामा नाई! तुमची वाट पाह्यनारं घरी कोनी हाय का? नाई ना? मंग वाट चुकनं काय असते, हे तुमाले काय समजनार, मास्तर!"

कमलीबाईलाही आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं. ती पदर सावरत दाराकडे पाहू लागली. मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्यांना राग आला नाही. राग यायला बाई खोटं बोलायला हवी होती. वाट चुकायलाही आधी कुणाची तरी वाट असावी लागते, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो संध्याकाळी कंदिलाजवळ बसल्यावरही मनातून गेला नाही.

शेवटी गुलाबसिंग नायकानं लिंबाखाली बसून निकाल दिला. गोष्ट बंद करायची नाही, कारण पोट्टे अक्षरं वाचून राह्यले हायेत, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. पण वाचायची दिवे लागल्यावर. दिवसा नुसते पाढे!

सगळ्यांनाच पटलं. दिवेलागण झाली की पोरं येत, दाराबाहेर आयाबाया बसत आणि अंधारातून हुंकारे येत. त्यात सगळ्यात जोरकस हुंकारा कमलीबाईचा! "तो मेला राक्षस मरत काहून नाई, मास्तर?" असं ती मधेच ओरडे. मास्तर सुखात होते. कंदिलाची काच पुसायलाही त्यांना सवड नव्हती. मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. पोरं आता दिवेलागणीला येत म्हणून दिवसा येईनाशी झाली. नुसत्या पाढ्यांसाठी गुरं कोण सोडणार? दिवसाची शाळा पुन्हा रिकामी, आणि डिप्टी साहेब काही कंदील घेऊन तपासणीला येत नसतात!

गुलाम नबीनंच बाजारातून निरोप आणला, "मास्तर, डिप्टी साहेब परवा येऊन राह्यले!"

मास्तर धावतच नायकाकडे गेले. "नायक, उद्याचं नाही, परवाचं बघा! पोरं सकाळपासून शाळेत पाहिजेत. नाहीतर शाळा गेली आणि मीही गेलो!"

"पोट्टे नुसते पाढे म्हनत दिवसभर बसनार नाईत, मास्तर. पुस्तक वाचाच लागन."

"पण दिवसा?"

नायकानं मिशीवरून हात फिरवला. "एक दिवसाचाच सवाल हाय. समद्या मामाईले मी लिंबाखाली बसवून ठेवतो. जागचा हालला नाई तं चुकन कसा?"

काय हा तोडगा! तपासणीच्या दिवशी तांड्यातले सगळे मामा सकाळपासून लिंबाखाली ओळीनं बसले. ना हलणं ना डुलणं; नायक समोर काठी घेऊन. शाळेत पोरं दाटीवाटीनं भरलेली, केसांना तेल लावून आलेली. मास्तरांनी कोट घातला. पाहुणे येईपर्यंत पोरं सांभाळायची म्हणून पुस्तक उघडलं.

पण एक मामा पहाटेच सटकला होता. सोमला! आणि दुसऱ्या एका मामाचा तर कुणी विचारच केला नव्हता.

दुपार झाली, साहेब आले नाहीत. पोरं चुळबुळ करू लागली की मास्तर वाचत. वाचलं की पोरं थांबत. पण वाचतील तसतसे साहेब जास्तच लांबत होते! ऊन कललं. घोड्यानं किती घिरट्या घातल्या, राजपुत्र विसरनगरात शिरलासुद्धा, तरी साहेबांचा पत्ता नाही. शेवटी लहानगी भुकेनं रडू लागली. मामालोकांच्या पायांना मुंग्या आल्या. नायक म्हणाला, "साहेब काई येत नाई आता," आणि सगळे आपापल्या घरी गेले.

मास्तर रिकाम्या वर्गात बसले. बाहेर तांड्यात चुली पेटल्या, हाका सुरू झाल्या. त्यांनी कंदील लावला. सवयीनं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागले. वाक्य संपलं की पलीकडून काही येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच म्हटलं, "हूं."

दुसरं वाक्य. "हूं."

"कुणाला वाचून दाखवताय, गावंडे?"

दारात डिप्टी साहेब उभे! गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीत कुसळं, आणि त्यांचा दंड प्रेमानं धरून सोबत उभा सोमला! घडलं होतं ते असं: फाट्यावर साहेबांनी वाट विचारली होती ती नेमकी सोमलाला. "मी तिकडंच जाऊन राह्यलो, चाला!" असं म्हणून त्यानं साहेबांना आधी मोहाच्या गुत्त्यावर नेलं, तिथं त्याचा वेळ गेला, मग एका नाल्यात नेलं, तिथं दोघांचा गेला, आणि आता अखेर इथं आणलं होतं.

मास्तर उठून उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "साहेब, आपल्याला भाचा आहे का हो?"

"आहे! पुण्याला असतो. त्याचा इथं काय संबंध?"

"तरीच!" मास्तर म्हणाले.

या "तरीच"नं घात केला. रिकामी शाळा एकवेळ साहेबांनी पोटात घातली असती. पण कंदिलासमोर एकटाच हुंकारे देत बसणारा आणि वर साहेबांच्या भाच्याची चौकशी करणारा मास्तर पोटात मावण्यासारखा नव्हता. दिवाळीच्या आधीच हुकूम आला. शाळा बंद, गावंडे मास्तरांची मेळघाटात बदली!

जायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी ट्रंक बांधली. कंदील घेतला. पुस्तक मात्र त्यांनी शाळेच्या कोनाड्यात ठेवलं. पोरांना निदान अक्षरं विसरायला वेळ लागेल. मग दाराशी उभे राहिले. कुणीतरी येईल असं त्यांना वाटत होतं. कुणीच आलं नाही. लालसिंग नाही, कमलीबाई नाही. तांडा एकदम कामात बुडाल्यासारखा शांत. "कामाचे दिवस आहेत," मास्तर स्वतःशी म्हणाले.

"चाला मास्तर, दोपारची गाडी हाय," गुलाम नबी म्हणाला.

दमणी माळावरून निघाली. ऊन डोक्यावर आलं होतं. तांडा बाभळींमागं जातो न जातो तोच मागून आवाज आला. आधी एका पोराचा अडखळता. मग एकदम सगळ्यांचा.

"हूं!"

मास्तर ताठ झाले. लालसिंग वाचत होता! "'…आ-णि रा-ज-पु-त्र वि-स-र-न-ग-रा-त शि-ला…'"

"शिरला," मास्तर पुटपुटले. "'र' खाल्लास लेका."

"हूं!"

भरदुपारी! आपण नजरेआडही झालो नाही, आणि यांनी पुस्तक उघडलंसुद्धा! मास्तरांना अभिमान वाटावा की रडू यावं, कळेना. शेवटी दोन्ही झालं. निरोपाला यायला वेळ नव्हता, आणि गोष्टीला होता! ते कंदील मांडीवर घेऊन बसले आणि कुणाशीच बोलले नाहीत. बोलायला कुणी नसलं की गुलाम नबीलाही झोप लागे. त्याची मान खाली गेली. मग मास्तरांचीही गेली. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. समोर दिवे लुकलुकत होते, माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आलं टेशन!" गुलाम नबी दचकून म्हणाला. "गाडी गेली असन पन, मास्तर. या बैलाईनं लई येळ लावला."

मास्तर ट्रंक घेऊन खाली उतरले आणि जागीच थिजले. हे कसलं टेशन! समोर लिंब, लिंबाच्या पलीकडे गुलाबसिंग नायकाची गव्हाण, आणि गव्हाणीत तोंड घालून दोन्ही बैल निवांत कडबा खात होते!

"आल्ले! मामा आल्ले!" पोरांचा एकच गिल्ला झाला.

"मामा?" मास्तरांना काही उमगेना.

कमलीबाई पुढं आली. आज बलोया खणखणत नव्हत्या. तिनं त्या हातानं धरून ठेवल्या होत्या. "रागावू नका, मास्तर. सकाळी पोट्टे रडून राह्यले होते. म्हनत, दिवसा गोष्ट वाचली का मामा चुकते, मंग गुर्जी बी चुकतीन, वापस येतीन. पन हा लालसिंग म्हने, गुर्जीले तं बहीन नाई, भाचा नाई, ते चुकतीन कसे? म्या म्हनलं, मी हाय ना बहीन! मी म्हनते, आजपासून ते तुमचे मामा. वाचा म्हनलं, भर दोपारी वाचा, जोरानं हुंकारा द्या!"

मास्तरांनी हातातली ट्रंक खाली ठेवली.

"अल्ला कसम, बैल आपल्याच मनानं वळले!" गुलाम नबी मागून ओरडत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

"पण कमलीबाई," मास्तर कसेबसे म्हणाले, "शाळा बंद झाली आहे. मला उद्या जावंच लागेल."

"शाळा सरकारनं बंद केली," नायक काठी टेकत म्हणाला. "आमी कुठं केली? दानापानी तांडा देईन. आन तरी जाचंच असन तं जा बाप्पा. पोट्टे उद्या दोपारी बी वाचतीन. परवा बी वाचतीन. पाहू कसे जाता!"

लालसिंगानं पुस्तक पुढं केलं. "पन गुर्जी… मामा… आता लई थोडे पानं राह्यले. राजपुत्राले कोन हाक मारते, ते सांगा ना! मंग आमी दुसरं पुस्तक वाचू!"

पोरं भोवती दाटून बसली. कुणीतरी कंदील लावला. कमलीबाईनं सवयीनं आधीच एक हुंकारा देऊन ठेवला. जानराव मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान उलटलं आणि घुटमळले.

पुढची पानं वाळवीनं खाल्ली आहेत, हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं! आता ती त्यांनाच बसून रचावी लागणार होती. आणि गोष्ट संपली की पोरं दुपारी वाचणार काय, हा घोर होताच. तेव्हा ती जितकी लांबवता येईल तितकी लांबवणं भाग होतं.

मास्तरांनी घसा साफ केला. "'इतक्यात,'" ते वाचल्यासारखं करत म्हणाले, "'राजपुत्राला फार दुरून एका बाईची हाक ऐकू आली…'"

"हूं!" कमलीबाई म्हणाली.